खेळाचा प्रोसेसर आणि कामाचा प्रोसेसर



२०२२ सालच्या दिवाळीच्या तोंडावर दिग्रसमधील माझे एक स्नेही दोन कागद घेऊन माझ्या घरी आले. कापसाची पहिली वेचणी आटोपली होती, चार पैसे हाती येणार होते आणि त्यांतून घरात एक संगणक घ्यावयाचा असे ठरले होते. एकच, दोन घेण्याची ऐपत नव्हती. मुलाला त्यावर खेळ खेळावयाचे होते. मुलगी आर्किटेक्चर शिकत होती. तिला इमारतींचे आराखडे आणि त्यांची हुबेहूब चित्रे तयार करावयाची होती. यवतमाळच्या दुकानदाराने दोन दरपत्रके दिली होती. एकाच्या माथ्यावर ‘गेमिंग’ असे लिहिले होते, दुसऱ्याच्या माथ्यावर ‘वर्कस्टेशन’. बाकी सामान बहुतेक सारखेच. फरक होता तो प्रोसेसरचा. स्नेही म्हणाले, “भाऊ, याच्यातला चांगला कोणता, तेवढं सांगून द्या.”

मला उत्तर द्यावयास बरेच दिवस लागले. कारण ‘चांगला कोणता’ हा प्रश्न त्यांच्यापूर्वी फार मोठ्या माणसांनी, फार मोठ्या रकमा पणाला लावून विचारलेला आहे, आणि त्यांतील काही प्रसंग आपल्या महाराष्ट्रातच घडले आहेत. त्या प्रसंगांची हकीकत आज आपल्यापुढे मांडावी असा माझा मानस आहे. तिच्या शेवटी माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तरही येईल.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकाची सारी आकडेमोड ज्या बोटभर तुकड्यात होते तो प्रोसेसर. अडत्याच्या पेढीवरील मुनीम डोळ्यांपुढे आणा. मुनिमाचा हात किती जलद चालतो, हा झाला प्रोसेसरचा ठोका. आजच्या चांगल्या प्रोसेसरात तो सेकंदाला चारपाचशे कोटी वेळा पडतो. पेढीवर मुनीम किती, ही झाली ‘कोर’ची संख्या. आणि तिसरी गोष्ट, जी दुकानात क्वचितच कोणी विचारतो, ती म्हणजे मुनिमाच्या हाताशी वह्या किती आहेत. हव्या असलेल्या नोंदीसाठी त्याला दर वेळी उठून मागच्या खोलीतील कपाटाकडे जावे लागले, तर त्याचा हात कितीही जलद असो, पेढीचे काम रखडणारच. हाताशी ठेवलेल्या या वह्यांना संगणकाच्या भाषेत ‘कॅश’ म्हणतात.

आता एक चपळ मुनीम बरा की सोळा साधारण मुनीम बरे? याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. शेतातील वेचणी वाटून घेता येते. दहा बाया दहा दिवसांत जे शेत वेचतील, ते वीस बाया पाच दिवसांत वेचतील. पण वेचलेला कापूस बाजारात नेणारी गाडी एकच असेल, तर बाया दुप्पट केल्या म्हणून ती दुप्पट वेगाने धावत नाही. जीन ॲमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ साली हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत मांडली. समजा, एक काम एका कोरला दहा तासांचे आहे; त्यातील नऊ तासांचा भाग वाटता येतो आणि एक तासाचा वाटता येत नाही. सोळा कोर लावले तर ते काम सुमारे एक तास चौतीस मिनिटांत होईल, म्हणजे वेग सहापटीहून थोडा अधिक झाला. सोळापट झाला नाही. हजार कोर लावले तरी एक तासाच्या आत ते उरकणार नाही. आपल्या साऱ्या हकीकतीचा कणा हा एवढा हिशेब आहे.

आता मुंबईकडे वळू. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांच्या एका गटाने संपूर्ण भारतीय बनावटीचा इलेक्ट्रॉनिक संगणक उभा केला. तो फेब्रुवारी १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मरणात २,०४८ शब्द मावत. येथे शब्द म्हणजे चाळीस द्विमान अंकांचा एक गट. आजच्या खिशातील साध्या फोनपुढेही ते काहीच नव्हे. हे यंत्र निर्वात नळ्यांवर चालत असे, आणि ते पुरे होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचा जमाना सुरू झाला होता. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेतील कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० हा मोठा संगणक आला. त्याच्या जोडीला १६०-ए नावाचे एक लहान यंत्र होते. कार्डे वाचणे, निकाल छापणे असली हलकी कामे लहान यंत्राने करावीत आणि मोठ्याने फक्त गणित करावे, अशी ती योजना होती. कामे दोन प्रकारची असतात आणि ती दोन प्रकारच्या यंत्रांना वाटून द्यावीत, हा धडा आपल्याकडे तेव्हापासून आहे.

याच कंट्रोल डेटा कंपनीत सेमूर क्रे नावाचे अभियंते होते. त्यांनी पुढे १९७२ साली स्वतःची कंपनी काढली, आणि १९७६ मध्ये त्यांचा क्रे-१ हा संगणक अमेरिकेतील लॉस ॲलामॉसच्या प्रयोगशाळेत बसला. प्रोसेसर मोजका असावा पण अतिशय बलवान असावा, असा क्रे यांचा आग्रह होता. शेत नांगरावयास दोन दणकट बैल बरे की हजारभर कोंबड्या, अशा अर्थाचा एक सवाल त्यांच्या तोंडी घातला जातो. आपल्यासारख्या शेतकरी मुलुखात या सवालाचे उत्तर कोणीही हसत हसत देईल.

पण बैल विकत मिळाले पाहिजेत ना! १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवामानाच्या अंदाजासाठी भारताने दिल्लीत क्रे कंपनीचा एक संगणक आणला. त्याहून शक्तिमान यंत्र मात्र अमेरिकेने देण्याचे नाकारले. असे यंत्र अण्वस्त्रांच्या गणितासाठीही वापरता येते, असे तिचे म्हणणे होते. तेव्हा आपले यंत्र आपणच बांधावे असे ठरले. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली.

भटकर हे आपल्या वऱ्हाडचेच. दारव्ह्यावरून मूर्तिजापूरकडे जाणारी शकुंतला गाडी येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली त्यांचा जन्म झाला, आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी नागपुरात घेतली. त्यांच्यापुढे तीन वर्षांची मुदत होती. क्रे यांच्या तोडीचा बलदंड प्रोसेसर तीन वर्षांत शून्यातून घडविणे अशक्य होते. बाजारात जे मिळू शकते त्यातूनच वाट काढावयाची होती. तात्पर्य, बैल मिळत नाहीत म्हटल्यावर कोंबड्यांना जुवाखाली आणण्याची विद्या शिकणे भाग होते.

त्यांनी निवडलेला प्रोसेसर होता इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा टी-८००. हा १९८७ साली निघाला होता आणि त्याला ‘ट्रान्सप्युटर’ म्हणत. एकटा घेतला तर तो काही मोठा मल्ल नव्हता. दशांश चिन्हाची गणिते तो सेकंदाला सुमारे पंधरा लाख करी. पण त्याच्या अंगात एक गुण असा होता, की तो त्या काळच्या इतर प्रोसेसरांत सहसा सापडत नसे. त्याला संभाषणाचे चार दुवे जन्मजात होते. चार बाजूंना चार शेजारी जोडावेत, त्या शेजाऱ्यांना आणखी शेजारी जोडावेत, आणि अशा रीतीने प्रोसेसरांची एक वस्तीच उभी करावी, हे त्याच्या रचनेतच योजलेले होते. अशा ६४ प्रोसेसरांचा ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ साली जगापुढे आला. समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे नाव बनविले होते. आणि संस्कृतात त्याचा अर्थ काय होतो ते आपणांस सांगावयास नकोच.

याच सुमारास टी-८०० ला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला. इंटेल कंपनीने १९८९ मध्ये आय-८६० हा प्रोसेसर काढला. कागदावर तो सेकंदाला आठ कोटी गणिते करू शकत होता, म्हणजे टी-८०० च्या पन्नासपटीहून अधिक! एखाद्याने केवळ दरपत्रक पाहिले असते, तर टी-८०० कडे ढुंकूनही पाहिले नसते. पण आय-८६० ची गंमत अशी, की त्याच्या आतील सर्व भाग एकाच वेळी कामाला लागले तरच ही आठ कोटींची मजल गाठता येई. आणि तसे ते लागावेत अशी आज्ञावली लिहिणे हे मोठ्या कौशल्याचे काम होते. साध्या आज्ञावलीत त्याचा वेग त्या आकड्याच्या एका लहान अंशावर येऊन थांबे. शिवाय शेजाऱ्याशी बोलण्याची ट्रान्सप्युटरची सहजता त्याच्यापाशी नव्हती. एक अबोल पहिलवान, दुसरा हलका पण मिळूनमिसळून वागणारा.

या दोघांत चांगला कोणता? पुण्याच्या मंडळींनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मला अत्यंत शहाणपणाचे वाटते. ‘परम ८६००’ या पुढच्या यंत्रात त्यांनी दोन्ही घेतले. दर चार टी-८०० मागे एक आय-८६० बसविला. निरोपांची देवाणघेवाण ट्रान्सप्युटरने करावी, आणि एकसारख्या आकड्यांच्या लांबलचक रांगा आल्या की त्या पहिलवानाच्या हवाली कराव्यात. २५६ ट्रान्सप्युटरांच्या यंत्रात असे ६४ पहिलवान; प्रत्येकी आठ कोटी धरले तर सेकंदाला ५१२ कोटी गणिते. अर्थात हा कमाल आकडा होता. पण तो येतो कोठून, हे आता आपण स्वतः गुणाकार करून पाहू शकता.

या दोन्ही प्रोसेसरांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी वेळेवर तयार झाली नाही आणि त्याचा वंश खुंटला. आय-८६० चेही उत्पादन १९९० च्या दशकात थांबले. मग ‘परम’चे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. काम वाटावे कसे आणि वाटलेले पुन्हा एकत्र आणावे कसे, ही विद्या हाती आली होती. परमच्या ९००० या मालिकेत तर रचनाच अशी केली की आतील प्रोसेसर बदलता यावा. तीत स्पार्क आणि अल्फा या दोन निराळ्या जातींचे प्रोसेसर बसविण्यात आले. १९९८ मध्ये ‘परम १००००’ आला, २००२ मध्ये ‘परम पद्म’. पुण्यातच टाटांच्या एका संस्थेने बांधलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर होता, आणि त्याच्या पोटात हजारो साधे इंटेलचे प्रोसेसर होते. कोंबड्यांनी शेत नांगरून दाखविले होते.

येथपर्यंत कामाची गोष्ट झाली. आता खेळाकडे वळू; कारण पुढचा मोठा पालट खेळाने घडविला, हे ऐकून अनेकांस नवल वाटेल.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे ठिपक्यांचे बनलेले असते. सामान्य पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळात हे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक वेळा ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. पण एका ठिपक्याचा रंग ठरविताना शेजारच्या ठिपक्यासाठी खोळंबून राहण्याचे बहुधा कारण नसते. ही तर शुद्ध वेचणी! म्हणून चित्र काढण्यासाठी निराळा प्रोसेसर निघाला, ज्यात एक चपळ मुनीम नसून शेकडो, पुढे हजारो, साधे कारकून ओळीने बसलेले असतात. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये असे ‘जीफोर्स’ नावाचे कार्ड काढले. ते मुलांच्या खेळासाठी होते. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले की हवामान, अणुरेणू, तारे यांची गणितेही बव्हंशी याच जातीची आहेत. २००७ च्या सुमारास या कार्डांवर चित्राखेरीज इतर गणिते करण्याची सोयही झाली.

मग खेळाचे यंत्र कामाला जुंपले गेले. २००८ साली अमेरिकेतील ‘रोडरनर’ हा महासंगणक सेकंदाला एक पद्म, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते करणारा पहिला ठरला. त्यात प्लेस्टेशन या खेळण्याच्या यंत्रातील प्रोसेसरचाच सुधारलेला अवतार बसविला होता, आणि त्याच्या जोडीला एएमडी कंपनीचे नेहमीच्या कामाचे प्रोसेसर होते. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिचे नूतनीकरण झाले तेव्हा तबकड्यांनी गोळा केलेल्या संकेतांची जुळणी करण्याचे काम याच जातीच्या प्रोसेसरांवर सोपविण्यात आले. आणि पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी’ हे यंत्र नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर आले; त्याची बहुतेक सारी शक्ती एनव्हिडियाच्या प्रोसेसरांची आहे. खेळ आणि काम यांच्यामधील भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

तर मग दुकानदाराच्या त्या दोन कागदांचे काय? आता ते आपल्याला वाचता येतील.

‘गेमिंग’च्या कागदावर एएमडी कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर होता. तो एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आला. किंमत ४४९ डॉलर, कोर आठ. ‘वर्कस्टेशन’च्या कागदावर त्याच कंपनीचा रायझन ९ ५९५०एक्स होता. तो नोव्हेंबर २०२० चा. आरंभीची किंमत ७९९ डॉलर, कोर सोळा. दोघेही एकाच घराण्याचे, आतील रचना एकच. फरक असा, की मोठ्याकडे मुनीम दुप्पट आहेत आणि ठोकाही थोडा अधिक आहे. तर लहानाकडे हाताशी असलेल्या वह्या अधिक आहेत. मोठ्याची अशी कॅश ६४ मेगाबाइट, लहानाची ९६ मेगाबाइट, तीही केवळ आठ मुनिमांत. ही जास्तीची कॅश प्रोसेसरच्या तुकड्यावर दुसरा मजला चढवावा तशी बसविली आहे.

खेळात चित्राचे ठिपके कार्ड काढते हे खरे. पण कोण कोठे आहे, कोणाची गोळी कोणास लागली, भिंत पडली की नाही, हा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. तो एका क्षणाचा पुरा झाल्याशिवाय पुढच्या क्षणाचा सुरू करता येत नाही, आणि साठ चित्रांच्या हिशेबाने एकेका क्षणास सेकंदाचा साठावा भागच मिळतो. येथे सोळांपैकी अनेक मुनीम हात जोडून बसतात, आणि ज्याला वही शोधावयास उठावे लागत नाही तो पुढे जातो. म्हणून बहुतेक खेळांत कमी किमतीचा लहान प्रोसेसर मोठ्याच्या बरोबरीने किंवा पुढे धावतो. उलट इमारतीचे पक्के चित्र काढताना उजेडाचा एकेक किरण स्वतंत्रपणे मोजावा लागतो; सोळाही मुनीम राबतात, आणि मोठा प्रोसेसर लहानाच्या सुमारे पावणेदोन पट काम उरकतो.

मी स्नेह्यांना म्हणालो, “आठ दिवस घरात एक वही ठेवा. मुलगी मैत्रिणीच्या संगणकावर काम करते, मुलगा मित्राकडे खेळतो. कोण कशासाठी किती वेळ खोळंबतो, तेवढेच रोज लिहा.” आठ दिवसांनी वही आली. मुलीचे एक चित्र पुरे होण्यास रात्र जात होती, आणि चूक निघाली की दुसरी रात्र. मुलाच्या बाजूस खोळंब्याची नोंदच नव्हती. आणखी एक गोष्ट विचारली, तेव्हा कळले की घरात जुना पडदा आहे आणि तोच वापरावयाचा आहे. तो पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवी. लहान प्रोसेसरने शंभर चित्रे तयार केली असती तरी वरची चाळीस कोणाच्या नजरेस पडली नसती.

त्या घराने सोळा कोरचा प्रोसेसर घेतला. दोघांच्या किमतीतील अंतर २०२२ पर्यंत बरेच कमी झाले होते, तरी काही हजार रुपये अधिक पडलेच. त्यासाठी नवा पडदा घेण्याचा बेत पुढे ढकलला. मुलगा चार दिवस रुसला, मग त्याच संगणकावर खेळू लागला. पण ध्यानात ठेवा, मुलीचे शिक्षण दुसरे असते आणि पडदा नवा असता, तर मी बेधडक दुसऱ्या कागदावर बोट ठेवले असते, आणि घराचे पैसेही वाचले असते.

प्रोसेसर दर वर्षी नवे निघतात. मी येथे घेतलेली नावे लवकरच टी-८०० सारखी जुनी होतील आणि दरपत्रकावर दुसरी येतील. राहील तो प्रश्न विचारण्याचा रिवाज. आपले काम वाटता येण्याजोगे आहे की नाही, हे आधी पाहावे. मग आवाक्यात काय आहे, ते पाहावे. आकडा त्यानंतर वाचावा. पुण्याच्या मंडळींनी कोट्यवधी रुपये पणाला लावून केले ते याहून निराळे नव्हते. आपणांस कोट्यवधी लावावयाचे नाहीत. यवतमाळची बस धरण्यापूर्वी आठ दिवस एक वही पुरेल.